सायकलपुरती फट

आमच्या दारासमोरचा ब्रेकर मी बांधला होता. सरकारनं नाही, ग्रामपंचायतीनं नाही, मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून आहे.

आमच्याकडं ब्रेकर कसा तयार होतो ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. नवलाख उंबरे गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती. पुढं सगळ्या कंपन्या. पूर्वी हा रस्ता बैलगाडीचा होता, आता त्यावरून डंपर, ट्रेलर, कंपनीच्या बसा आणि पाण्याचे टँकर जातात. कुणाच्या घराचा स्लॅब पडला की शेवटी दहा-पंधरा घमेली माल उरतोच. तो फेकून द्यायचं जिवावर येतं. मिस्त्री विचारतो, हे कुठं टाकू, आणि घरधनी रस्त्याकडं बोट दाखवतो. मग दारासमोर आडवा बांध घालायचा, थापीनं सारखा करायचा, दोन दिवस वर काट्या टाकून ठेवायच्या, झाला ब्रेकर. ज्याचा स्लॅब त्याचा ब्रेकर. रस्त्यानं जाणाऱ्याला कुणाला न विचारता कळतं, या वस्तीत पक्की घरं किती झाली.

माझ्या पोराच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा मीही तेच केलं. पण मी केलं ते तिच्यासाठी.

ती म्हणजे आमची मंडळी. नाव घेणार नाही. ती होती तेव्हा कधी घेतलं नाही, आता कशाला. मी चौथी शिकलो आणि ती सातवी. हे ती जन्मभर विसरली नाही आणि मलाही विसरू दिलं नाही. अंगणवाडीत ती मदतनीस होती. म्हणजे सकाळी वस्त्यांवर जाऊन पोरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, उसळ शिजवायची, दुपारी ज्याचं पोर त्याच्या दारात पोचवायचं. आधी हे सगळं पायी होतं. मग तिच्या डोक्यात सायकल आली.

सायकल घरात होती. आमची मुलगी आठवीत असताना जिल्हा परिषदेनं शाळेतल्या मुलींना सायकली दिल्या होत्या, त्यातली. मुलगी लग्न होऊन लोणावळ्याला गेली आणि सायकल गोठ्यात राहिली. तिच्या कॅरिअरवर कोंबड्या बसायच्या. एक दिवस हिनं कोंबड्या हाकलल्या, सायकल राखेनं घासली आणि मला म्हणाली, शिकवा. चाळिशी उलटलेली बाई.

भात निघून गेल्यावर खाचरं मोकळी असतात. जमीन वाळलेली, खाली धसकटं, पडलं तरी फार लागत नाही. आमची खाचरं दोनच, पण सायकल शिकायला पुरतात. मी मागं कॅरिअर धरून पळायचो. ती पदर खोचून, दात आवळून, समोर बघून चालवायची आणि दर चार हातांवर विचारायची, धरलंय का? मी म्हणायचो, धरलंय. चौथ्या दिवशी मी सोडून दिलं आणि जागेवर उभा राहिलो. ती अख्खं खाचर एकटी गेली. माझ्याशी बोलत गेली, मी मागं आहे असं समजून. भाजीला काय करायचं ते विचारत होती. उत्तर येईना म्हणून मागं वळून बघितलं आणि बांधावर जाऊन आदळली.

उठली ती शिव्या देतच उठली. "धरलंय म्हनून सांगता आन् तितं उभं ऱ्हाऊन तंबाखू मळता व्हय?"

बांधावर बायका जमल्या होत्या. नातवंडं खेळवायच्या वयात ही बया चाकावर बसायला निघाली, असं एक जण म्हणाली. ही गुडघ्यावरची माती झटकत तिला म्हणाली, "तुला बी शिकीवते, ये. फकस्त तुज्या मालकाला सांग मागनं पळाया. पळंल का त्यो?" तो मालक केवढा जाडा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. बायका इतक्या हसल्या की सायकलीचा विषय तिथंच संपला.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ती सायकलनं हिंडली. एक पोर कॅरिअरवर आणि बाकीची मागं पळत. लांबून बघितलं तर बदक आणि बदकाची पिल्लं. पोरांची पाळी लावलेली असायची, आज कॅरिअरवर कोण. ज्याची पाळी असायची ते पोर अंगणवाडीला दांडी मारत नव्हतं. हजेरी वाढली म्हणून वरून आलेल्या बाईंनी तिला विचारलं, तुम्ही काय करता? ही म्हणाली, काही नाही, कॅरिअरवर बसवते.

तोवर रस्त्यावर डंपर वाढले. स्लॅब पडला त्याच महिन्यात आमची एक शेळी दारासमोर डंपरखाली गेली. मी ती शेळी रस्त्यावरून उचलली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शेळी नव्हती. म्हणून उरलेला माल मी रस्त्यावर टाकायला लावला आणि ब्रेकर चांगला उंच बांधला. उंबऱ्याएवढा. एका गटारापासून दुसऱ्या गटारापर्यंत, कुठं सवड ठेवली नाही.

दुपारी ती आली, सायकल हातात धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "लय उंच झालाय. आन् कडंला जरा जागा सोडा की. मी सायकल कशी काडू?"

मी म्हणालो, "फट ठिवली की मोटरसायकलवालं तितनंच घुसत्याल."

"घुसूंद्यात की. मोटरसायकलला कोन भितंय? भ्या डंपरचं हाय."

मी सांगितलं की तू उतर आणि ढकलत ने.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग माल जिथं गटाराला भिडला होता तिथं, अगदी कडेला, तिनं सायकल ओल्या मालातून ढकलत नेली. चाकानं खोल चर पडली. चपलेच्या टोकानं तिनं दोन्ही बाजूंचा माल सारला, चर वीतभर रुंद केली, आणि म्हणाली, "झाली वाट." मग चपला धुऊन गडी-माणसांना चहा टाकायला आत गेली.

मिस्त्री थापी टेकून हसला. म्हणाला, "आबा, नकाशा मालकिनीनं पास केला म्हनायचा." बाकीचेही हसले.

आणि ते हसले म्हणून मी ती चर बुजवली. खरं कारण हेच. मोटरसायकलचं कारण मी नंतर लोकांना सांगत राहिलो. थापीभर माल घेतला, चर भरली, वरून सारखी केली, पाणी मारून घोटली. चांगलं काम केलं. ती चहा घेऊन बाहेर आली, तिनं बघितलं, कप वाटले आणि म्हणाली, बरं.

दोन महिने ती रोज ब्रेकरशी उतरायची आणि सायकल ढकलत पलीकडं न्यायची. एका सकाळी मागून ट्रेलर आला. मोठमोठ्यानं हॉर्न वाजवत होता. एका बाजूला गटार, उतरायला जागा नाही. तिनं तशीच वर घातली. पुढचं चाक उडालं आणि ती उजव्या हातावर पडली. डब्यातली मटकी रस्ताभर झाली. मनगटाची दोन्ही हाडं मोडली.

ट्रेलर मात्र थांबला. ब्रेकरनं आपलं काम चोख केलं होतं.

सहा आठवडे प्लास्टर. विचारायला येईल त्याला ती सांगायची, मीच येडी, ध्यान नव्हतं. आमटीत मीठ जास्त पडलं तर मला अर्धा दिवस बोलणारी बाई, पण ह्या गोष्टीवरून एक शब्द नाही. एकदा तरी बोलायला हवी होती. मी भांडलो असतो, माझं चुकलं असं म्हणालो असतो, मिटलं असतं. न बोललेल्या गोष्टीची माफी कशी मागायची ते मला कधी जमलं नाही.

हात बरा झाला, पण ती पुन्हा सायकलवर बसली नाही. वस्त्यांवर पायी जायला लागली. पोरं मागं पळायची बंद झाली, बरोबरीनं चालायला लागली. तीन वर्षं ती अशी चालली. गेल्या वर्षी पावसाळ्यात, वर्षावास सुरू असताना तिच्या छातीत दुखलं आणि तळेगावला नेईपर्यंत सगळं संपलं. सायकलवरून पडून ती गेली नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण ती तीन वर्षं तिला पायी चालावं लागलं, ते माझ्यामुळं. हे कुणा डॉक्टरला विचारायचं कारण नाही.

जलदानविधीला माणसं आली, म्हणाली, सुटली बिचारी. कशातून सुटली? तिला कुठं जायची घाई नव्हती. मी तसं तोंडावर बोललो, तेव्हापासून माझ्याकडं बसायला येणारे कमी झाले.

घरात राहिलो आम्ही चौघं. पोरगा आणि सून दोघंही कंपनीत, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. ती दोघं एकमेकांना भेटतात ती दारात, एकाच्या हातात डबा असतो आणि दुसऱ्याच्या हातात चप्पल. म्हणजे दिवसभर घरात मी आणि नात. नात तेव्हा आठवीत, आता नववीत. ती मला चहा करून देते, पेपर वाचून दाखवते, आणि मी तंबाखूची पुडी कुठं लपवली ते तिला बरोबर सापडतं. भांडते ती आजीसारखी. कमरेवर हात ठेवायची पद्धतसुद्धा तीच. मी मुद्दाम चुकीचं बोलतो, तिनं भांडावं म्हणून.

तिलाही शाळेतून सायकल मिळाली. निळी, पुढं जाळीची बास्केट. पण पोरगा तिला बसू देईना. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. सायकल ओसरीत उभी, आणि हायस्कूल साडेतीन किलोमीटर लांब. पोराची दुसरी पाळी असेल तेव्हा तो तिला मोटरसायकलवर सोडायचा. पहिली पाळी असली की वडापच्या जीपला लटकून जायचं, जीप नाही आली की शाळा बुडायची. मार्चमध्ये पोरगा म्हणाला की जूनपासून तिला लोणावळ्याला आत्याकडं ठेवू. तिथं शाळा चालत जायच्या अंतरावर आहे.

मी लोकांना सांगत होतो की मला पोरीच्या शिक्षणाची काळजी वाटते. ते काही खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला एकटं राहायचं नव्हतं. ती गेली असती तर त्या घरात दिवसभर माझ्याशी कोण भांडलं असतं?

पोराला मी म्हणालो, जाऊ दे की सायकलनं. तो म्हणाला, "आबा, आईचं काय झालं ते इसरला का?" आईनं पाडलेली चर कुणी बुजवली ते त्याला माहीतच नव्हतं.

एप्रिलमध्ये मी नातीला घेऊन मुलीकडं लोणावळ्याला गेलो. शाळा बघायची, आत्याचं घर बघायचं, असं ठरलं होतं. मुलगी भुशीच्या रस्त्याच्या बाजूला राहते. शनिवार-रविवारी तिथं मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, दारातून बाहेर पडता येत नाही, असं ती नेहमी सांगायची. आम्ही गेलो तो रविवारच होता. पण तिच्या गल्लीत एक गाडी नव्हती. नगरपरिषदेनं गल्लीच्या तोंडाला लोखंडी अडसर लावले होते, सकाळी गाड्यांना बंदी. रस्त्याच्या मध्ये एक म्हातारा खुर्ची टाकून पेपर वाचत होता. पोरं सायकली चालवत होती. आमच्या नातीनं चपला काढल्या, कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि गल्लीला चार फेऱ्या मारल्या. आजीसारखीच दात आवळून. तिला सायकल येते हेच मला माहीत नव्हतं. विचारल्यावर कळलं, आजीनं तिला खाचरात शिकवली होती, सायकलवर न बसता, मागं कॅरिअर धरून पळत. मी घरात नसताना.

"आबाला सांगू नको, असं आजीनं सांगितलं व्हतं व्हय?" मी विचारलं.

"सांगितलं व्हतं की," ती म्हणाली. "म्हनून तर न्हाई सांगितलं."

त्या गल्लीत एक ब्रेकर होता. रुंद, बसका, परात पालथी घातल्यासारखा. आणि दोन्ही कडांना गटाराच्या आधीच तो संपत होता. मी खाली वाकलो आणि वीत लावून बघितली. अडीच विती. मुलीला विचारलं, ही फट कशाला? ती म्हणाली, सायकलला आणि पावसाच्या पाण्याला, नगरपरिषदेनंच ठेवली, नकाशातच असते. नकाशातच असते. मी तिथं पायरीवर बसलो. मुलीला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, ऊन लागलं.

मे महिन्यातल्या ग्रामसभेला मी गेलो. एरवी मी जात नाही. तिथं बोलणारे तेच असतात आणि ऐकणारं कुणी नसतं. पण त्या वेळी रस्त्याचा विषय होता. शाळेपुढं मांडव घातला होता. बांधकाम विभागाकडून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी फळ्यावर रस्ता काढला. शाळा भरताना आणि सुटताना डंपरना बंदी. कडेनं पांढरा पट्टा, तो चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा. आणि आम्ही घराघरानं बांधलेले सगळे ब्रेकर काढायचे. त्यांच्या जागी मोजके, बसके, दोन्ही कडांना फट ठेवलेले. याला त्या शांत रस्ता म्हणत होत्या.

मागून कुणीतरी म्हणालं की रस्ता शांत करायचा तर कंपन्याच बंद करा. हशा झाला. दुसरा म्हणाला, सायकल आता चालवतं कोण, ज्याला मोटरसायकल मिळत नाही तो. मला राग आला नाही, कारण मीही तसाच होतो. मी कामाला सायकलनं जायचो. पोराची मोटरसायकल आली त्याच आठवड्यात माझी सायकल भंगारात घातली, आमचे दिवस पालटले ते लोकांना कळावं म्हणून.

मग ब्रेकर काढायचे यावर सगळे तयार झाले. प्रत्येक जण दुसऱ्याचा काढायला. आमचा राहू द्या, आमच्यात म्हातारी आहे. आमचा राहू द्या, आमचं दार वळणावर आहे. आमचा राहू द्या, आमचा स्लॅब पडून वर्ष झालं नाही. इंजिनिअर बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांचं तोंड बघून मला वाटलं, ही पोर आता निघून जाणार आणि परत येणार नाही. जून आला की आमची पोरगीही जाणार.

तेव्हा सरपंचबाई उठल्या. म्हणाल्या, ही मागणी नवी नाही, महिला ग्रामसभेच्या रजिस्टरात आधीपासून आहे. बायकांची सभा आमच्या सभेच्या आदल्या दिवशी भरते आणि तिथं काय ठरलं ते आम्ही पुरुष कधी वाचत नाही. त्यांनी ग्रामसेवकाला वाचायला सांगितलं. ग्रामसेवकानं पानं उलटली आणि वाचलं: अंगणवाडीच्या रस्त्यावरचे ब्रेकर उतरते करावेत आणि कडेला सायकलपुरती फट ठेवावी. सूचक म्हणून आमच्या मंडळीचं नाव होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा तीच सूचक. त्याच्या पुढच्या वर्षी, ती गेली त्याच्या थोडं आधी, पुन्हा तेच. तीन वेळा. कुणाचा ब्रेकर, कोण पडलं, यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

घरी मला एक शब्द न बोलता ही बाई दर वर्षी तिथं जाऊन उभी राहत होती.

मी पहिल्यांदा हाच विचार केला. दुसरा विचार जरा वेळानं आला. त्या तीन वर्षांत तर ती पायीच चालत होती. मग फट कुणासाठी मागत होती? पोरगी तेव्हा पाचवीत, मग सहावीत, मग सातवीत. आणि आठवीत मुलींना सायकल मिळते, हे आमच्या घरात तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं?

मी उठलो. गुडघे दुखतात म्हणून मी सभेत उठून बोलत नाही. पण उठलो.

"पयला माजा काडा," मी म्हणालो. "आमच्या दारातला. आमची मंडळी त्याच्यावर पडली. ब्रेकर बांदला तवाच तिनं कडंला फट पाडली व्हती. म्या बुजवली. गडी हसलं म्हनून बुजवली."

पोरगा मागं खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

मग बांधावर बोललेल्या त्या बाईचा, जाड्या मालकाचा थोरला पोरगा म्हणाला, समजुतीच्या सुरातच, "आबा, तुमचं खरं हाय. पर फटीतनं मोटरसायकलवालं घुसत्याल त्येचं काय?"

हे माझंच वाक्य होतं. इतक्या वर्षांनी माझ्याकडं परत आलं.

"घुसूंद्यात," मी म्हणालो. "मोटरसायकलला कोन भितंय? भ्या डंपरचं हाय."

हे वाक्य माझं नव्हतं. ज्यांनी तिला ओळखलं होतं त्या बायकांना ते कळलं असावं, कारण मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, आमचाही काढा. मग तिच्या शेजारची. पुरुष नंतर बोलले. अजून दोघं-तिघं अडून होते, त्यातला एक आजही अडून आहे. त्याचा ब्रेकर तसाच आहे आणि त्याला वाटतं आम्ही सगळे येडे. पण बाकीच्यांचं ठरलं, सह्या झाल्या. मी माझी सही केली, चौथी शिकलेल्या माणसाची करतो तशी, अक्षर अक्षर.

घरी जाताना पोरगा आमच्या ब्रेकरशी थांबला. मग म्हणाला, "हे कदी बोलला न्हाई तुमी."

"न्हाई," मी म्हणालो.

तो आणखी काही बोलेल असं मला वाटलं. तो बोलला नाही. तेवढं आईचं त्याच्यात आहे.

ठेकेदाराची माणसं यायच्या आधी माझा ब्रेकर मी स्वतः फोडला. पहार घेतली आणि कडेपासून सुरुवात केली. पोरानं माझ्या हातातली पहार घ्यायला बघितलं, मी दिली नाही. मग तो घण घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाकडून लागला. मी कडेचा तुकडा सुटा केला, पालथा केला, हातानं धूळ झाडली आणि तिच्या सायकलीच्या चाकाची खूण शोधली. कुठंतरी असेल असं मला वाटत होतं. नव्हती. मी चांगलं बुजवलं होतं. कामात मी कधी कच्चा नव्हतो.

नवा ब्रेकर झाला तेव्हा मी दिवसभर तिथं उभा होतो. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आबा, घरात बसा, नकाशाप्रमाणं होईल. मी वीत लावून फट मोजली आणि मगच घरात गेलो.

पोरानं सांगितलं की दिवाळीपर्यंत बघू, तोवर लोणावळ्याचं राहू दे. पण त्यानं एक अट घातली. पहिला महिना पोरीबरोबर मोठं माणूस गेलं पाहिजे. घरात मोकळं मोठं माणूस मी एकटाच. माझी सायकल तर भंगारात गेलेली. मग नातीनं गोठ्यातून आजीची काढली. जुनी, लेडीज, बसक्या दांडीची. चेन नवी टाकली, दोन ट्यूबा बदलल्या, बाकी तीच.

आता आम्ही रोज निघतो. पुढं तिची निळी सायकल, मागं माझी. चावडीवरची माणसं म्हणतात, "आबा, लेडीज सायकल?" मी म्हणतो, "व्हय, लेडीजचीच हाय." डंपर नसतात त्या वेळी, कधी एखादा चुकार घुसतोच, पण हळू जातो, त्याला जावंच लागतं. दोन-चार मोटरसायकलवाले फटीतून घुसतात. घुसू देत. पोरगी दारासमोरच्या फटीतून न थांबता, न उतरता जाते आणि पलीकडं गेली की घंटी वाजवते. मग माझी पाळी.

ती सीट माझ्या मंडळीच्या उंचीची आहे. माझे गुडघे हँडलला लागतात. नात रोज म्हणते, "आबा, शीट वर करा की, पाना आनते." मी म्हणतो, उद्या करू. ती कमरेवर हात ठेवून भांडते. दुसऱ्या दिवशी मी तसाच बसतो, गुडघे लागत लागत, आणि फटीतून पलीकडं जातो.